दोन इंच

खुर्चीत टेकताच मिस्त्रीचे गुडघे वर आले आणि टेबलाची कड थेट छातीशी आली. शेजारच्या खुर्चीत सूनबाई बसली. तीही अंदाजापेक्षा खाली गेली आणि पर्स मांडीवर घेऊन सावरून बसली.

टेबलापलीकडचा मॅनेजर नवा होता. पोरसवदा, पण बोलायला गोड. "काका, खरं सांगू? असा रेकॉर्ड मी या शाखेत पाहिला नाही," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "तीन कर्जं, तिन्ही मुदतीआधी फेडलेली. एकही हप्ता चुकलेला नाही. क्रेडिट स्कोअर आठशे बारा!"

मिस्त्रीने सुनेकडे पाहिलं. बघ, म्हणालो नव्हतो? सकाळी घरातून निघतानाच त्याने तिला ऐकवलं होतं, "तू नुसते कागद वाच. बाकी बँक आपल्या घरचीच. काउंटरपासून कपाटापर्यंत सगळ्या लाकडावर याच हातांनी रंधा मारलाय."

"पण कर्ज नाही देता येणार," मॅनेजर म्हणाला.

घ्या! आधी हार घालायचा आणि मग हात धरून बाहेर काढायचं.

"का पण?" सूनबाईने विचारलं.

"यांचं वय एकोणसाठ, कर्ज दहा वर्षांचं. पगार नाही, पेन्शन नाही. सिस्टिम फाइल पुढे जाऊच देत नाही."

"माझे मिस्टर आहेत की. त्यांचंही नाव घाला."

"तेही यांच्याच वर्कशॉपमध्ये काम करतात ना? मग उत्पन्न एकच धरलं जातं."

वर्कशॉपची जागा भाड्याची होती. मालकाने ती विकायला काढली होती आणि शनिवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. तीस वर्षं त्या पत्र्याखाली घालवलेला माणूस आता करवतयंत्र डोक्यावर घेऊन कुठे फिरणार?

"साहेब, काही करता येईल का?" मिस्त्रीने विचारलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तो चपापला. एरवी करवतीच्या घरघरीवरून पलीकडच्या गल्लीत हाक मारणारा माणूस तो. आणि हा कुठला मेला मिणमिणता आवाज!

हा आवाज कुठून आला ते त्याला लगेच कळलं, हीच तर पंचाईत झाली. नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत जुना मॅनेजर त्याला म्हणाला होता, "मिस्त्री, समोरच्या या दोन खुर्च्यांचे पाय दोन-दोन इंच कापा. माणूस खाली बसला की त्याचा आवाजही खाली येतो." मिस्त्री तेव्हा खदखदून हसला होता. आणि कापले होते, ते असे सरळ की एकही खुर्ची डुगडुगली नाही. सागवान टाकवत नाही म्हणून आठही ठोकळे बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते. पाहुणा आला की डबा उघडून किस्सा सांगायचा. सूनबाई लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिलाही दाखवले होते, आणि तीही पोट धरून हसली होती.

स्वतः मात्र तो या खुर्चीत आज पहिल्यांदाच बसला होता. मागची तिन्ही कर्जं छोटी, त्यांच्या सह्या काउंटरवर उभ्याउभ्याच झाल्या होत्या.

सूनबाईची नजर खाली, खुर्चीच्या पायांवर गेली होती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कर्ज नाकारलं याचं दुःख होतंच. पण लाज वाटली ती वेगळीच. नऊ वर्षांत या दोन खुर्च्यांत किती माणसं बसली असतील, आणि त्यांतल्या कितीजणांना वाटलं असेल की आपणच मुळात बुटके आहोत? आणि आपण आपले डबा उघडून हसत होतो.

"सॉरी हं काका," मॅनेजर म्हणाला. त्यालाही अवघडल्यासारखं झालं असावं, म्हणून त्याने विषय बदलला. "या खुर्च्या म्हणजे डोक्याला ताप आहे. कुठल्या शहाण्याने केल्यात देव जाणे. परवा एका आजींना यातून उठताच येईना. दोघांनी धरून उठवलं."

"बाबा, चला," सूनबाई हळूच म्हणाली आणि उठली.

मिस्त्री दोन्ही हातांवर भार देऊन उठला. वेळ लागला.

"मीच केल्यात," तो म्हणाला.

"काय?"

"खुर्च्या. पाय मी कापलेत. आता घेऊन जातो, शुक्रवारी आणून देतो. त्यानंतर वर्कशॉप नसेल माझं."

मॅनेजर गडबडला. "अहो काका, असं कसं? दुरुस्तीच्या खर्चाला वरून मंजुरी लागते."

"खर्च काही नाही. लाकूड माझ्याकडे पडलंय. याच पायांचं आहे."

त्याने आपली खुर्ची उचलली. सूनबाईने पर्स खांद्याला अडकवली आणि काही न विचारता दुसरी उचलली. काउंटरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"पण जोड दिसेल ना?" मॅनेजरने मागून विचारलं.

मिस्त्री दारात थांबला.

"दिसेल," तो म्हणाला. आवाज पार रांगेच्या शेवटापर्यंत गेला. "दिसू दे."