बिनमिठाचं जेवण

“वजन दुप्पट झालंय, यकृतालाही सूज आहे. काय खायला घालता याला?” कुत्र्याला तपासून डॉक्टरांनी विचारलं.

“मी जेवते तेच,” शरयूताई म्हणाल्या. यजमान गेल्यापासून बंड्या त्यांच्या पानाशेजारी बसायचा. पुरी असो की श्रीखंड, एक घास त्यांचा, एक त्याचा. एकटीला जेवण जातच नसे.

“असंच चाललं तर तो वर्षही काढणार नाही. बिनमिठाचं, उकडलेलं द्या, तेही मोजून.”

संध्याकाळी बंड्याला खोलीत कोंडून त्या जेवायला बसल्या. दारावर नखं वाजत राहिली. घास उतरेना. शेवटी त्यांनी उठून दार उघडलं.

भात, भोपळा, अंडी, सगळं बिनमिठाचं शिजवलं. मोजून त्याला वाढलं आणि उरलेलं आपल्या ताटात घेतलं.

“चल, जेवू या.”

चव कशालाच नव्हती, तरी ताट रिकामं झालं.