थांबले असते तर

पक्षाघातानंतर डोक्यात आठवणींची चिप बसवल्यापासून दिगंबरराव मधूनच बाईच्या तोंडचं बोलत. चहा फुंकता फुंकता म्हणत, "मी अजून थोडा वेळ थांबले असते, तर..." आणि पुन्हा चहा फुंकायला लागत. थांबलो नाही, थांबले! ही सवत कोण ते शोधून काढायचंच, असं कुमुदताईंनी ठरवलं आणि नवऱ्याला चिप-दुरुस्तीच्या दुकानात आणून बसवलं.

"कुठल्या बाईच्या आठवणी आहेत या, तेवढं सांग," त्या तंत्रज्ञ रेहानाला म्हणाल्या.

आठवणींची कुठली लायब्ररी, म्हणजे कुठला साठा, कुठून लोड होते, ते रेहानाने स्क्रीनवर तपासलं. "काका, तुमची 'तरुणपण' नावाची लायब्ररी चिपमध्ये आलेलीच नाही. म्हणून प्रोग्रॅम त्याच नावाची जवळपास सापडेल ती उचलतो."

"जवळपास म्हणजे? समोरच्या पेठेबाईंची?" कुमुदताईंचा आवाज चढला.

"एवढ्या लांबची नाही हो, काकू. घरात आणखी कुणाला चिप आहे?"

कुमुदताईंचा हात आपसूक कानामागे गेला. विसराळूपणावर म्हणून गेल्या वर्षी बसवलेली त्यांची स्वतःची चिप तिथेच होती.

"बंद कर ते. आत्ताच्या आत्ता!"

"थांब गं पोरी," दिगंबरराव म्हणाले. ते बायकोकडे बघत होते, रागाने नव्हे, अगदी कळवळून.

"कुमुद, आपण घाटावर वाट बघून निघाल्यावर आला असेल का गं तो?"