दुसरं नाव

“दहा वर्षं माकडतापावर संशोधन करताय, पण तुमच्या शोधनिबंधांचा दाखला कुणी देत नाही, मॅडम,” बढतीच्या मुलाखतीत संचालक म्हणाले.

“सर, हा ताप दोडामार्गच्या जंगलपट्ट्यात येतो. दाखले देणारे तिथे राहत नाहीत. माणसं मात्र तिथे मरतात.” मृदुला खांडेपारकरचा आवाज चढला होता.

संचालक हसले. “सोपा उपाय सांगतो. पुढच्या निबंधावर माझं नाव घाला. माझ्या ओळखीची मंडळी भराभर दाखले देतील. पुढच्या वर्षी तुमची बढती पक्की.”

“मग रक्ताचे नमुने घ्यायला माझ्याबरोबर काजूच्या बागांत चला.”

बढती दुसऱ्यालाच मिळाली. संतापलेली मृदुला दोडामार्गला गेली आणि आरोग्यसेविका रोहिणी गवस यांच्यासोबत सगळा हंगाम बागांमधून फिरली. गोचीड चावून रोहिणीताईंनाही ताप आला. बऱ्या होताच त्या पुन्हा कामाला लागल्या.

निबंध छापून आल्यावर संचालकांनी मृदुलाला बोलावलं.

“हे दुसरं नाव कुणाचं?”

“आरोग्यसेविका आहेत. नमुने त्यांनी घेतले, ताप त्यांनी सोसला,” मृदुला म्हणाली. “आणखी कुणाचं नाव असायला हवं होतं, सर?”