दिसण्यावर गेलास

अंधेरीहून थकून आलेल्या रीमाने चपलाही न काढता नवा लॅपटॉप नवऱ्यासमोर टेबलावर ठेवला. ती एका आर्किटेक्टकडे इमारतींचे नकाशे काढायची. लग्नाच्या वाढदिवसाला भूपेशने हौसेने आणलेला हा महागडा लॅपटॉप वहीएवढा पातळ होता. ऑफिसात सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला होता, पण मोठा नकाशा उघडला की तो मान टाकायचा. आज पार्टी समोर बसलेली असतानाच स्क्रीन अडकला आणि सरांनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं.

"स्पीड तरी विचारायचास रे! नुसता दिसण्यावर गेलास," रीमा खुर्चीत बसत म्हणाली. "उद्यापासून माझा जुनाच नेतेय."

भूपेशने कपाटातून तिचा जुना, जाडजूड लॅपटॉप काढला आणि चार्जरसकट तिच्या बॅगेत भरला. चेन लावता लावता तो म्हणाला, "दुकानदार स्पीडचं सांगत होता गं. माझंच लक्ष नव्हतं. तुझा जुना मी सोबत नेला होता. आधी तो, मग हा, असे बॅगेत घालून, तुझ्यासारखी उजव्या खांद्याला लावून दुकानाबाहेर केबिन रोडवर चालून बघत होतो."

"ते कशाला?"

"झोपेत उजव्या कुशीवर वळलीस की कण्हतेस तू. तुला कळतही नाही."