पांढऱ्या पट्ट्याचे टायर

दसऱ्याच्या पूजेला वडिलांची जुनी फियाट पहिल्यासारखी रुबाबात उभी करायची, म्हणून शामकांत नगरला टायरच्या दुकानात आले. सोबत वडिलांचा म्हातारा ड्रायव्हर, सहादू. शामकांतांनी मोबाईलवरचा जुना फोटो दुकानदारापुढे धरला. “असेच पांढऱ्या पट्ट्याचे हवेत. विलायती असणार, बाबांची आवडच तशी!”

सहादू हसला. “कशाचे विलायती, दादा? साधेच हुते. दर दसऱ्याला मीच ब्रशानं पट्टा वढायचो.” मग मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन तो शोधत राहिला. “हितं चाकापाशी बसलेलो हुतो मी, रंगाचा डबा घिऊन. कुठं गेलो?”

“जुना फोटो आहे, पुसट झालाय,” शामकांत मान वर न करता म्हणाले.

गाडी उठून दिसावी म्हणून चाकापाशी बसलेला तो माणूस त्यांनी सकाळीच, कोण आहे हेही न बघता, मोबाईलवर बोट फिरवून फोटोतून पुसून टाकला होता.