रांगेचा शेवट

गांधीबागेतल्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकात संघपाल अकरा वर्षं रांगेच्या शेवटी चालत आला होता. धुरात डोळे काही कामाचे नसतात, म्हणून ज्यानं त्यानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, ही पथकाची रीत. मागच्यानं खांदा एकदा दाबला, की पुढं चला. दोनदा दाबला, की मागं फिरा, कोणीतरी आत राहिलं आहे. संघपालच्या खांद्यावर मात्र कधी कुणाचा हात नसे, आणि त्याला त्याचाच अभिमान होता.

त्या दुपारी कापडाच्या गोदामात सहाजण शिरले. प्रत्येक खोली चाचपून परत निघाले, तेवढ्यात संघपालच्या खांद्यावर हात पडला.

कोणी अडकलेला सापडला, असं समजून त्यानं तो हात थोपटला. "भिऊ नको गा, मी आहो ना."

हातानं खांदा एकदा दाबला. संघपालनं पुढच्याचा दाबला, आणि रांग चालू लागली.

बाहेर लख्ख ऊन होतं. "सुटा," पथकाचे म्होरके आनंदराव म्हणाले, तसे सगळ्यांचे हात खाली आले. "आत कोणी राहिलं तं नाही ना?"

"नाही काका. एकजण होता, त्याले घेऊनच आलो."

आनंदरावांनी त्याच्या मागं बघितलं. "कुठं आहे गा? तुझ्या मागं तं कोणीच नाही."

संघपाल हसला. त्याला वळून बघायची गरजच नव्हती. हात अजून खांद्यावरच होता.

मग त्या हातानं खांदा दोनदा दाबला.