एकच बार

सुपरवायझर सारंग कर्णिकने तपासणीच्या खोलीचं दार न ठोठावताच उघडलं. माणूस रंगेहाथ पकडायचा तर दार ठोठावून कसं चालेल? आत प्रबोध मेश्राम वजनकाट्यासमोर बसला होता. बोटाच्या पेराएवढे काळे प्लॅस्टिकचे कप तो चिमट्याने एकेक उचलून काट्यावर ठेवत होता, आकडा बघत होता आणि त्यातले बरेचसे लाल खोक्यात टाकत होता. लाल खोकं म्हणजे बाद माल, हिरवं म्हणजे पास.

"अजून लालच?" सारंगने विचारलं.

"हो, सर."

मंदीमुळे सिंगापुरातल्या तुआसच्या त्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात प्रिंटरच्या भागांच्या ऑर्डरी आटल्या होत्या. अमेरिकेतून आलेली ही एकच ऑर्डर सगळ्यांना तगवून होती. कप होते ठासणीच्या बंदुकीसाठी. नळीत आधी दारू घालायची, मग या कपात बसवलेली गोळी, आणि वरून गजाने ठासायचं. तिकडचे हौशी लोक अशा बंदुकीने एल्क मारतात. एल्क म्हणजे सांबरापेक्षाही थोराड हरीण. किती दारू, कोणती गोळी आणि कसा कप घेतला म्हणजे बार हमखास नेमका बसतो, हे ग्राहकाला ठरवायचं होतं. तो दर आठवड्याला निशाणाच्या कागदांवर गोळ्या झाडून बघे आणि ते भोकं पडलेले कागद इकडे पाठवून देई.

सारंगचा संशय साधा होता. ग्राहकाने दिलेल्या ड्रॉइंगमधल्या मापांप्रमाणे शंभरात पाच कप बाद व्हायला हवेत, प्रबोध चाळीस बाद करत होता. प्रबोध नागपूरचा, बौद्ध. त्याच्या टेबलाच्या काचेखाली पंचशीलाचं कार्ड होतं, आणि त्यातली पहिलीच गोष्ट जीव न मारण्याची. या कामावर घातलं तेव्हा त्याने दुसरं काम मागितलं होतं, ते मिळालं नव्हतं. आता स्वारी गुपचूप सूड उगवतेय, असं सारंगने ठरवून टाकलं होतं. पुण्याचा असल्यामुळे माणसं ओळखण्यात आपण चुकत नाही, असा त्याचा आपला समज होता.

"सोमवारी माल गेला नाही तर ऑर्डर गेली," तो म्हणाला. "आणि कोणामुळे अडलंय ते मॅनेजरना, मिस्टर लिमना, मला आज सांगायचंय."

नाव सांगितलं की काय होणार हे दोघांनाही ठाऊक होतं. नोकरी गेली की कामाचा पास रद्द, आणि पास रद्द झाला की महिन्याभरात सिंगापूर सोडायचं. प्रबोधची मुलगी अवनी याच महिन्यात पुंगोलच्या शाळेत पहिलीत गेली होती.

प्रबोधच्या हातातला चिमटा थांबला.

"सरळ विचारतो. मुद्दाम करतोयस ना? प्राणी वाचावेत म्हणून?"

"नाही, सर."

"मग हे कार्ड कशाला? आणि दुपारी कँटीनमध्ये चिकन राइस कसा चालतो तुला?"

"त्या कोंबडीला पोटात गोळी घेऊन दोन दिवस फिरावं लागत नाही."

या उत्तराची सारंगने अपेक्षा केली नव्हती. प्रबोधने खणातून ग्राहकाचे कागद काढले आणि टेबलावर पसरले. प्रत्येक कागदावर तीन भोकं होती आणि प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीने एक वजन लिहिलेलं होतं.

"मी वजन करून, नंबर घालून पाठवलेल्या कपांमधल्या गोळ्यांची भोकं आहेत ही. हलक्या कपाची गोळी बघा कुठे गेलीय. वीतभर बाजूला."

सारंगने कागद उजेडात धरला. "पेन्सिलीने काय, कोणीही काहीही लिहील."

"नंबर त्यांच्याकडेही आहेत. मेल करून विचारा."

सारंगने कागद खाली ठेवला.

"वीतभर बाजूला म्हणजे काळजाऐवजी पोट," प्रबोध म्हणाला. "आणि बार एकच असतो, सर. दुसरा ठासेपर्यंत ते जंगलात शिरलेलं असतं. मग कुठेतरी आतडी ओढत मरतं."

"ते ग्राहकाने बघावं. हे कप त्याच्या ड्रॉइंगमध्ये बसतात. तो घेतोय ना?"

"कप ग्राहक घेतो. गोळी एल्कला घ्यावी लागते."

प्रबोध कागद गोळा करू लागला. "मला हे काम नकोच होतं. सोडताही येत नाही, पोरीची शाळा आहे. मी सोडलं तर दुसरा कोणी बसेल इथे आणि हे सगळे पास करील. ते लोक मारणारच आहेत. निदान माझ्या हातून गेलेल्या कपाने ते एका बारात मरावं, एवढंच मला करता येतं."

सारंगने खिशातून फॉर्म काढून त्याच्यापुढे ठेवला. लाल खोक्यांतला सगळा माल पास, असं त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. प्रबोधने तो वाचला आणि परत सरकवला.

"तुम्ही करा सही."

सारंगने पेनाचं टोपण काढलं. त्याला प्रबोधचा मनस्वी राग आला. हा लबाड निघाला असता तर किती सोपं झालं असतं! सही करायची जागा तो नुसता बघत राहिला.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. मिस्टर लिमच होते. "मंडे कॅन ऑर नॉट?"

"मंडे कॅनॉट," सारंग म्हणाला. "थर्सडे. मोल्ड प्रॉब्लेम."

पलीकडचा आरडाओरडा त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतला. कोणाची चूक, असं विचारल्यावर "माय रिस्पॉन्सिबिलिटी" म्हणाला आणि फोन ठेवला.

आता प्रबोध त्याच्याकडे संशयाने बघत होता. "असं का सांगितलंत?"

"माहीत नाही," सारंग म्हणाला, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं.

बाहेर बून ले स्टेशनला जाणाऱ्या कंपनीच्या बसने हॉर्न दिला. दोघांपैकी कोणी उठलं नाही. सारंगने स्टूल ओढलं, न तपासलेल्या ढिगातला एक कप उचलला आणि काट्यावर ठेवला. आकडा थोडा हलला आणि स्थिरावला.

"हा चालेल?"

प्रबोधने वाकून आकडा पाहिला.

"हा मारेल," तो म्हणाला आणि त्याने तो कप हिरव्या खोक्यात ठेवला.